खुनाची वेळ आणि गाडीची वेळ: रहस्यकथा आणि विनोदी प्रवासवर्णनं घेण्याआधी

दुकानात रहस्यकथांचं कपाट एका टोकाला असतं आणि प्रवासवर्णनांचं दुसऱ्या. वाचणारे मात्र बरेचसे तेच असतात. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर उघडलं जाणारं पुस्तक बहुधा या दोहोंपैकीच एक. आणि ही दोन्ही पुस्तकं फसतात तीही एकाच कारणाने: लेखकाचा हिशेब कच्चा असतो. कोण किती वाजता कुठे होतं, तिथून इथे यायला किती वेळ लागतो, मधलं स्टेशन कोणतं, खिशात किती उरले होते. हे पक्कं असेल तर खून पटतो आणि फजिती हसवते. कच्चं असेल तर भाषा कितीही फुलोऱ्याची असो, पुस्तक रद्दीत. म्हणून पात्रांची खोली वगैरे चर्चा बाजूला ठेवून, फक्त या एका कसोटीवर, नागपुरात हाती लागणाऱ्या पुस्तकांचा हा हिशेब.

आधी खून.

कथा नागपुरात किंवा विदर्भात घडत असेल तर पहिली तपासणी हवामानाची. मे महिन्यातली दुपार, धंतोलीतला बंद बंगला, आणि इन्स्पेक्टरसाहेब प्रेताच्या कपाळाला हात लावून सांगतात, "अंग थंड पडलंय, निदान सहा तास झाले." इथेच पुस्तक मिटावं. माणसाचं शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं. मृत्यूनंतर ते भोवतालच्या हवेच्या तापमानाकडे सरकत जातं, एवढंच. खोलीत ४२-४३ अंश असतील तर अंग थंड पडायचा प्रश्नच येत नाही, उलट थोडं तापेल. म्हणजे इंग्रजी पुस्तकांतून उचललेलं "दर तासाला अमुक अंश" हे गणित नागपूरच्या उन्हाळ्यात चालतच नाही. शरीर ताठरण्याचंही तसंच. पापण्या, जबडा, मान असं वरून खाली ते उतरत जातं, हे सगळीकडे सारखं. पण कडक उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, हिवाळ्यात दोन्ही लांबतात. पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हिरवट छटा थंडीत दिवसा-दोन दिवसांनी दिसते, ती मे महिन्यात काही तासांतच दिसू लागते. डिसेंबरातला खून आणि मे महिन्यातला खून यांचं वेळापत्रक एकच ठेवणाऱ्या लेखकाने फॉरेन्सिकचं पुस्तक उघडलं होतं, खिडकी उघडली नव्हती.

आता त्याच खोलीत कूलर चालू आहे असं धरा. खोली तीसच्या आसपास येते, अंग निवतं, पण सावकाश. मग कूलर केव्हा बंद झाला? बटण कुणी दाबलं की लाइट गेली? टाकी किती लिटरची, त्यातलं पाणी किती उतरलं होतं, ताट्या ओल्या होत्या की कोरड्या? फक्त पंखा चालू होता आणि पंप बंद, असं असेल तर खोली गार झालीच नाही. खुनाची वेळ सांगणारं इतकं सरळ घड्याळ नागपूरच्या घराघराच्या खिडकीत टांगलेलं असताना लेखक अजून सिगारेटच्या थोटकामागे का लागतात, हे एक रहस्यच आहे.

दुसरी तपासणी पोलिसांची. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे. अधीक्षक असतात ते ग्रामीणला. तेव्हा सदर किंवा तहसील ठाण्यातल्या खुनाचा तपास "एसपी साहेब" स्वतः करू लागले की लेखकाने चौकशी केलेली नाही हे ओळखावं. सहायक पोलीस निरीक्षक, म्हणजे एपीआय, हे महाराष्ट्रातलं पद. हिंदी वेब मालिका पाहून लिहिलेल्या कादंबऱ्यांत ते गायब असतं आणि त्याच्या जागी "दरोगा"च्या थाटाचा कुणीतरी वावरतो. उलट, वैदर्भी लेखक ओळखू येतो तो ठाण्याच्या प्रमुखाला सरळ "ठाणेदार" म्हणतो म्हणून, आणि जखमीला "शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात" न नेता "मेडिकलला" किंवा "मेयोत" नेतो म्हणून.

कलमांचं तर फारच झालं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या तारखेनंतर घडलेला खून कलम १०३ खाली येतो, ३०२ खाली नाही. फसवणूक ३१८ मध्ये गेली, ४२० आता फक्त बोलण्यात उरलं. गुन्हा त्याआधीचा असेल तर जुनंच कलम लागतं, खटला आज चालू असला तरी. नव्या कादंबरीत गोष्ट २०२५ मधली आणि ठाणेदार ३०२ लावतोय, हे दिसलं की बाकीच्या तपशिलांवरचाही विश्वास उडतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १०५ मध्ये, आलं आहे. म्हणजे "पंचांच्या नकळत चाकू ठेवला" ही जुनी युक्ती आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर करून दाखवावी लागेल. अजून तरी मराठीत हा पेच कुणी नीट वापरलेला दिसत नाही, आणि वापरला तर पुस्तक हातोहात जाईल. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, हा नियम मात्र जुनाच आहे आणि जुन्या-नव्या निम्म्या कथा तिथेच झोपतात: शेवटच्या प्रकरणात आरोपी चौकीत बसून सगळं कबूल करतो, तपास अधिकारी टोपी घालतो, समाप्त. पुरावा कुठाय? मोबाइलच्या टॉवरचं लोकेशन हेही असंच देवाच्या जागी बसवलेलं. टॉवरवरून परिसर कळतो. अमुक फ्लॅटची अमुक खोली कळत नाही.

तिसरी, गाडीची. मुंबईकडे जाताना नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, मलकापूर, भुसावळ असा क्रम. अमरावती मुख्य मार्गावर नाही. हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्या बडनेऱ्याला थांबतात आणि तिथून अमरावती दहाएक किलोमीटर. तरीही खुनी रात्री "अमरावती स्टेशनवर" विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरतो, काम करतो आणि पुन्हा त्याच गाडीत चढतो, असली कथानकं छापली जातात. मुंबई ते नागपूर लोहमार्गाने ८३७ किलोमीटर. खुन्याने हे अंतर कशाने, किती तासांत कापलं, हे लेखकाने कागदावर मांडलेलं असलंच पाहिजे, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे तीच गाडी नेहमी पकडतात.

या बाबतीत आदर्श म्हणावा असा जपानी लेखक सेइचो मात्सुमोतो. त्याची पहिली गाजलेली कादंबरी १९५७-५८ मध्ये क्रमशः आली ती एका प्रवासविषयक मासिकात, हे मुद्दाम सांगण्यासारखं. टोकियो स्टेशनवर १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरचा फलाट मधल्या गाड्यांमुळे दिसत नाही. दिवसातून फक्त चार मिनिटं मध्ये एकही गाडी नसते. त्या चार मिनिटांत कुणीतरी कुणाला तरी पाहिलं, आणि नेमकं त्याच चार मिनिटांत कसं पाहिलं, यावर सगळी कादंबरी उभी आहे. इंग्रजीत ती 'टोकियो एक्स्प्रेस' नावाने नव्याने मिळते, जेमतेम दीडशे पानांची. आपल्याकडे नागपूर स्टेशनावर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मार्ग एकमेकांना छेदतात, गाड्या रात्रंदिवस. साहित्य तयार आहे, मांडणारा पाहिजे.

मराठीतल्या जुन्या पॉकेटबुकांना ही कसोटी लावणं थोडं अन्यायाचं, पण लावू. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांच्या हजाराच्या वर पुस्तकांत झुंझार, धनंजय, काळा पहाड ही मंडळी ज्या वेगाने मुंबईत फिरतात तो वेग हाच त्यांचा गुण. एका बैठकीत एक संपतं. योगायोग मात्र मोजू नयेत. गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप, शिलेदार, गरुड हे रहस्यापेक्षा साहसाच्या बाजूचे. "कोणी केलं" याची उत्सुकता फारशी नसते, "कसा सुटतो" याची असते, आणि तेवढी अपेक्षा ठेवली तर पैसे वसूल. हिशेबाच्या बाबतीत या सगळ्यांत उजवे सुहास शिरवळकर (१९४८-२००३), त्यातही अमर विश्वास या वकिलाच्या कथा. कारण गोष्ट कोर्टात जाते आणि कोर्टात उलटतपासणी होते, म्हणून वेळा, अंतरं, साक्षी यांना उत्तरदायित्व येतं. दारा बुलंद वेगळ्याच चवीचा, घोडा-बंदुकीचा. 'दुनियादारी'मुळे शिरवळकरांकडे आलेल्यांनी सुरुवात अमर विश्वासपासून करावी, मंदार पटवर्धनच्या कथा नंतर.

अनुवादित रहस्यकथांसाठी दोन-तीन गोष्टी दुकानातच उभ्या-उभ्या तपासता येतात. पहिली: आतल्या पानावर "अनुवाद" लिहिलंय की "रूपांतर", "स्वैर", "आधारित". रूपांतरात पात्रं पुण्यात येतात, हवा बदलते, आणि ज्या बारीक तपशिलात दुवा लपवलेला असतो तोच तपशील जागा वाचवायला कापला जातो. मग शेवटी गुप्तहेर जे सांगतो ते वाचकाला आधी दिसलेलंच नसतं. इंग्रजीत अडीचशे पानांची कादंबरी मराठीत दीडशेत बसली असेल तर काहीतरी वगळलं आहे हे नक्की. दुसरी: हक्कांची ओळ. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. कॉनन डॉइल १९३० मध्ये गेला, तेव्हा होम्स केव्हाच मोकळा झाला. म्हणून होम्सचे मराठी अनुवाद उदंड आणि दर्जा कुठून कुठे. भालबा केळकरांचा अनुवाद जुन्या वळणाचा आहे, पण पायावर उभा आहे. "संपूर्ण होम्स" असं लिहिलेला संच घेताना अनुक्रमणिका मोजावी: ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या, एकूण ६०. कमी भरल्या तर संपूर्ण नाही. अगाथा ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली. तिचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत. परवानगीची ओळ नसलेलं ख्रिस्तीचं मराठी पुस्तक दिसलं तर ते स्वस्त का आहे ते कळतं.

तिसरी तपासणी थोडी कसबी आहे. मराठी क्रियापद लिंग सांगून टाकतं. अंधारात जिन्यावरून कुणीतरी उतरलं, एवढंच मूळ लेखकाने सांगितलेलं असतं. गाफील अनुवादक "उतरली" लिहितो आणि निम्मे संशयित तिसाव्या पानावर सुटतात. चांगला अनुवादक "एक आकृती", "पावलं वाजली", "कुणीतरी उतरलं" असा वाट काढत जातो. खुनाच्या रात्रीचं प्रकरण काढून दोन पानं यासाठी चाळली तरी अनुवादकाची जात कळते.

आणि मलपृष्ठ वाचू नये. अजिबात. मलपृष्ठ लिहिणाऱ्याला पुस्तकात दुसरा खून कुणाचा होतो हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

रहस्य आणि भटकंती एकाच पुस्तकात हवी असेल तर सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाचे, सहज मिळतात. जैसलमेर, गंगटोक, काठमांडू, आणि एक तर आपल्या वेरूळला. सोनेरी किल्ल्याच्या गोष्टीत सगळा पाठलाग रेल्वे, मोटार, उंट असा जमिनीवरून होतो, आणि प्रवासात भेटतो जटायू ऊर्फ लालमोहनबाबू. हा गृहस्थ स्वतः खपाऊ रहस्यकथा लिहितो आणि त्यांत चुका ठोकून देतो. फेलूदा त्या शांतपणे दुरुस्त करतो. रहस्यकथेतल्या तथ्यांच्या चुकांवर एवढी गोड टीका दुसऱ्या कुठल्या रहस्यकथेने केली असेल असं वाटत नाही. मुलांसाठी म्हणून कपाटात ठेवलेली असतात, मोठ्यांनी खुशाल घ्यावीत. अनुवाद वाचताना बंगाली नावांची सवय व्हायला एक गोष्ट जाते, पुढे गाडी रुळावर.

ख्रिस्तीचाही असाच एक जोडीचा व्यवहार आहे, तो फारसा माहीत नसतो. १९३४ मध्ये बर्फात अडकलेल्या आगगाडीतला तिचा खून जगभर वाचला जातो. तिने १९४६ मध्ये सीरियातल्या उत्खननांच्या दिवसांवर, नवऱ्याचं आडनाव जोडून, एक हसरं पुस्तक लिहिलं: 'कम, टेल मी हाऊ यू लिव्ह'. सुरुवातच ऐन थंडीत लंडनच्या दुकानांतून उन्हाळी कपडे शोधण्यापासून. गाड्या, वाळू, उंदीर, मजुरांचे पगार, स्वयंपाक्याची कुरबुर, सगळं नोंदवहीसारखं नेमकं. आगगाडीतल्या खुनाला लागणारी नजर आणि या विनोदाला लागणारी नजर एकच आहे, हे दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली की दिसतं.

आता विनोदी प्रवासवर्णन. यात "जमिनीवरून" हा शब्द महत्त्वाचा. विमानात फजिती होत नाही, उशीर होतो. उशिरावर चारशे पानं लिहिता येत नाहीत. बस, आगगाडी, सायकल, ट्रकमधली उधार जागा, पायी, यांत मधलं गाव लागतं, मधला माणूस भेटतो, सुटे पैसे संपतात. विनोदाचं भांडवल तेवढंच. याचा उलटा पुरावा हवा असेल तर समृद्धी महामार्ग आहेच: नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये गाव नाही, टपरी नाही, म्हैस नाही. प्रवास उत्तम होतो. त्यावर विनोदी पुस्तक लिहून दाखवणाऱ्याचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही.

म्हैस म्हटल्यावर पु. ल. आलेच. एसटीखाली म्हैस येते, गाडी थांबते, आणि मग पोलीस, पुढारी, डॉक्टर, प्रवासी मिळून जो पंचनामा उभा करतात तो मराठीतला प्रवासविनोद आणि गुन्हेतपास या दोन्हींचा एकत्र नमुना आहे. बारकाईने पाहिलं तर तिथेही रहस्यकथेचीच शिस्त दिसते: पात्रं आधी गाडीत एकेक करून बसवलेली, प्रत्येकाची सवय आधीच दाखवलेली, आणि घटना घडल्यावर प्रत्येकजण त्या सवयीप्रमाणेच वागतो. विनोद अचानक आणलेला नाही, आधी पेरलेला आहे. 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) अर्थातच घरात असावीत, मात्र ती परदेशाच्या नवलाईची पुस्तकं आहेत. निव्वळ गाडीतल्या गर्दीचा विनोद हवा असेल तर 'बटाट्याची चाळ'मधल्या भ्रमणमंडळाकडेच परत जावं लागतं.

दुर्लक्षित राहिलेलं नाव रमेश मंत्री. एका हाताने विनोदी प्रवासवर्णनं, दुसऱ्या हाताने जेम्स बाँडची टर उडवणारा जनू बांडे. या लेखाचे दोन्ही विषय एकाच माणसाने सांभाळले होते. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाले तर विचार करू नये. काही विनोद त्या काळाबरोबर गेले आहेत, स्त्रियांवरचे विशेषतः, पण लिखाणाचा वेग आजही वाचवतो. मीना प्रभूंची पुस्तकं विनोदी म्हणून घेऊ नयेत, ती तशी नाहीतच. इराण, चीन, तुर्कस्तान अशा देशांत बाईमाणसाने एकटीने कसं फिरावं याचा तपशील हवा असेल तर मात्र तीच.

आणि गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीत पेणजवळच्या वरसईहून दान-दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला गरीब भिक्षुक, झाशीच्या वेढ्यात सापडतो, लुटला जातो, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. हसवण्यासाठी लिहिलेलं नाही. पण कुणी काय दक्षिणा दिली, कुठे काय खायला मिळालं, पैसे कुठे लपवले आणि कसे गेले, हे तो ज्या निरागस काटेकोरपणाने सांगतो त्यात जमिनीवरच्या प्रवासाचा सगळा खरा विनोद आहे. घेताना आवृत्ती पाहा: १९०७ ची चिंतामणराव वैद्यांनी संपादित करून छापलेली, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणलेली. वैद्यांनी पुष्कळ हात फिरवला आहे. भटजींचा खरा आवाज दुसरीत.

इंग्रजीतलं वाचत असाल तर एरिक न्यूबीचं हिंदुकुशवरचं पुस्तक (१९५८) अजून डोक्यावर आहे. कपड्यांच्या धंद्यातला माणूस, गिर्यारोहणाचा अनुभव वेल्समध्ये काही दिवस शिकण्याइतकाच, आणि थेट नूरिस्तान गाठायला निघतो. गंमत यातली की नकाशा, उंची, वाटेतलं गाव, पायाचे फोड, सगळं खरं आणि मोजलेलं; मूर्खपणा फक्त लेखकाचा. टोनी हॉक्सचं फ्रीज घेऊन आयर्लंडभर लिफ्ट मागत फिरण्याचं पुस्तक (१९९८) याच्या उलट: शंभर पौंडांची पैज, एक महिना, कल्पना झकास, पण मधली शंभर पानं फ्रीजपेक्षा पबमध्ये जास्त जातात. एकदा वाचावं, विकत घेऊ नये.

हल्ली मराठीत स्वखर्चाने छापलेली प्रवासवर्णनं ढिगाने येतात. त्यांतली विनोदी म्हणवणारी ओळखायची सोपी खूण अशी. मधलंच कुठलंही प्रकरण उघडा. ते विमानतळावर किंवा हॉटेलच्या ब्रेकफास्टवर सुरू होत असेल तर ठेवून द्या. विनोद कुणावर आहे ते पाहा: परक्या माणसाच्या उच्चारावर, जेवणावर, शौचकूपावर असेल तर दोन प्रकरणांत आटपतो, लेखकाच्या स्वतःच्या बावळटपणावर असेल तर पुस्तकभर पुरतो. तिसरं, आकडे. भाडं किती पडलं, गाडी किती वाजता सुटायची होती आणि किती वाजता सुटली, हे लिहिणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही. "फार उशीर झाला" म्हणणारा काय सांगतोय हे त्यालाही आठवत नसतं. नकाशा नसलेलं प्रवासवर्णन घेऊ नये, आणि नकाशा असून त्यात गावांची नावं मजकुराशी जुळत नसतील तर नक्कीच नाही. चुरमुऱ्याचा चिवडा परदेशात कुणाला कसा आवडला, हा प्रसंग मराठी प्रवासवर्णनांतून दहा वर्षांसाठी बंद करावा अशी सूचना आहे.

ऐकण्याच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात: विनोदी प्रवास ऐकायला चांगला, वाचणारा नाटकी नसेल तर. रहस्यकथा गाडी चालवताना ऐकू नये, दुवा निसटतो आणि मागे जाऊन शोधणं पुस्तकासारखं सोपं नाही.

उरला घेण्याचा प्रश्न. नवी पुस्तकं साधारण दोनशे ते चारशेच्या घरात, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळतात. जुनी पॉकेटबुकं मात्र रद्दी आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगातूनच शोधावी लागतात. वाचनालयाची वर्गणी भरणं सगळ्यांत स्वस्त, फक्त रहस्यकथेच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असण्याची तयारी ठेवावी. अशा महाभागांची स्वतंत्र नोंदवही असायला हवी.

जुनं पुस्तक घेताना शेवटचा फर्मा तपासायचा. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं, त्यामुळे पान सुटतं तेव्हा एकटं सुटत नाही, जोडीने नाहीतर अख्खा फर्माच जातो. आणि सगळ्यांत आधी जातो तो पहिला किंवा शेवटचा, कारण मुखपृष्ठाचा ताण त्यांच्यावर असतो. प्रवासवर्णनाचा शेवट गेला तर माणूस घरी पोहोचला असं धरून चालता येतं. रहस्यकथेचं तसं नाही. तपासताना मजकूर तळहाताने किंवा कार्डाने झाकावा आणि शेवटच्या वीसेक पानांचे फक्त आकडे पाहावेत. मधल्या पानांवर "क्रमशः" किंवा "उत्तरार्धात" दिसलं तर तो दोन भागांतला एकच भाग आहे. बाजूने तार मारलेल्या प्रती असतील तर तार गंजली आहे का पाहा. गंजाभोवतीचा कागद बोट लावताच सुटतो. पान कोपऱ्यात हलकेच दुमडून बघा, दोनदा दुमडल्यावर तुकडा पडला तर ती प्रत एकदाच वाचून होईल. वर्तमानपत्री कागदाचा हा धर्मच आहे, विक्रेत्याशी त्यावर हुज्जत घालून उपयोग नाही, भावात कमी करून घ्यावं.

घरी आणल्यावर नागपूरच्या हवेचा त्रास दोन्ही टोकांनी. एप्रिल-मे मध्ये कोरड्या हवेने बांधणीचा डिंक कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडलं की कणा तडकतो. जुनं पॉकेटबुक नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडू नये. त्याच महिन्यांत कूलरसमोरचं शेल्फ म्हणजे दुसरी आफत. दिवसभर दमट वारा, कूलर बंद झाला की पुन्हा भट्टी, पानं फुगतात, सुकतात आणि लाटांसारखी होतात, मुखपृष्ठ वळतं. शेल्फ कूलरच्या झोतातून बाजूला घ्यावं आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावं. पावसाळ्यात कसर लागते, तिला गोंद आणि पिठाची खळ आवडते, म्हणून ती कण्यापासून सुरुवात करते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळवून, ओला पाला बुरशी आणतो. ढिगातून आणलेली प्रत थेट बाकीच्या पुस्तकांत ठेवू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, चिकटपट्टीने बंद करून, घरच्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली की कसर आणि तिची अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, एक पूर्ण दिवस, तशीच बंद ठेवायची. घाई केली तर गार पानांवर दव धरतं आणि जुना कागद तिथेच विरघळायला लागतो.